दोन हजार यार्डांचा तक्ता : सामन्यांचा रकाना कुठे आहे?

महोदय,

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकन फुटबॉलमधल्या ‘सर्वकालीन महान’ रनिंग बॅकचा, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूंचा, तक्ता आला होता. एका हंगामात धावून दोन हजार यार्डांपलीकडे गेलेले नऊ जण उतरत्या क्रमाने दिले होते. २,१०५ यार्डांसह एरिक डिकरसन पहिला, २,००३ यार्डांसह ओ. जे. सिम्पसन शेवटचा. १९६५ पर्यंत खेळलेल्या जिम ब्राउनचे नाव नाहीच. आकडे बरोबर आहेत, पण कोण किती सामने खेळला हा रकाना नसल्यामुळे क्रमाला काही अर्थ उरत नाही.

एनएफएलचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगचा, हंगाम १९६० पर्यंत १२ सामन्यांचा होता. १९६१ पासून १४, १९७८ पासून १६ आणि २०२१ पासून १७ सामने झाले. आपल्या नऊ जणांपैकी आठ जणांनी ही मजल १६ सामन्यांत मारली. एकटा सिम्पसन, १९७३ साली, १४ सामन्यांत तिथे पोचला. म्हणजे सामन्यामागे १४३ यार्ड. डिकरसनचे १९८४ साली १३१ च्या थोडे वर भरतात. चौदा सामने संपले तेव्हा डिकरसन १,७९२ वर होता. उरलेल्या दोन सामन्यांत त्याने २१५ आणि ९८ यार्ड जोडले. ब्राउनने १९६३ साली चौदा सामन्यांतच १,८६३ यार्ड काढले होते. चेंडू नेला २९१ वेळा, म्हणजे दर वेळी ६.४ यार्ड. त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या जिम टेलरचे १,०१८ होते. ब्रॅडमनच्या ६,९९६ कसोटी धावा पाहून त्याला यादीत खाली ढकलायला आपल्याकडे कोणी धजेल का? तिथे आपण सरासरी बघतो, मग इथे का नाही?

अर्थात नुसता भागाकार करूनही भागत नाही. १९७२ साली मैदानावरच्या हॅश खुणा आत सरकवल्या गेल्या. चेंडू कडेला अडला की पुढचा डाव या खुणेपासून सुरू होतो. आधी ही खूण कडेपासून २० यार्डांवर होती, ती २३ यार्ड १ फूट ९ इंचांवर आली. मैदानाची रुंदी ५३ यार्डांहून किंचित जास्त, त्यामुळे पूर्वी अरुंद बाजूने बाहेर वळायला जागाच कमी पडे आणि बचाव करणारे रुंद बाजूला गर्दी करत. साडेतीन यार्ड वाढले आणि दोन्ही बाजू खुल्या झाल्या. त्याच हंगामात दहा जण हजार यार्डांपलीकडे गेले. सिम्पसनचा विक्रम पुढच्याच वर्षीचा, हे ध्यानात ठेवावे. ब्राउनला ही सवलत कधीच मिळाली नाही; तो १९६५ चा हंगाम खेळून थांबला होता.

दुसरी गोष्ट, यार्ड एकट्या धावणाऱ्याचे नसतात. प्रशिक्षक विन्स लोम्बार्डीच्या ग्रीन बे पॅकर्स संघाचा स्वीप, म्हणजे कडेने वळसा घालून धावण्याचा डाव, घ्या. उजवीकडे जायचे असेल तर टाइट एंड (आक्रमणाच्या रांगेतला कडेचा खेळाडू) आपल्या टॅकलपासून (रांगेतला त्याचा शेजारी) साधारण नऊ फूट दूर उभा राहतो. समोरचा लाइनबॅकर (बचावाच्या पहिल्या रांगेमागचा खेळाडू) आत घुसू पाहील तर त्याला आत रेटायचे, बाहेर जाऊ पाहील तर बाहेर. त्याच्याशी झगडून दिशा बदलायची नाही. चेंडू सुटताच रांगेच्या मध्याच्या दोन बाजूंचे गार्ड, जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन, जागा सोडून डाव जिथून सुरू होतो त्या रेषेला समांतर उजवीकडे पळतात. क्रेमर कॉर्नरबॅकवर, म्हणजे कडेच्या बचावपटूवर, जातो. मागून येणारा थर्स्टन टाइट एंडने लाइनबॅकरला कुठे नेले ते पाहून आत किंवा बाहेर वळतो. रांगेमागे उभ्या दोघांपैकी फुलबॅक जिम टेलर टोकाच्या बचावपटूला पाडतो आणि हाफबॅक पॉल हॉर्नंग चेंडू घेऊन जिथे उजेड, म्हणजे मोकळी फट, दिसेल तिथे शिरतो.

यात बिघडते कुठे? उजवा गार्ड निघून गेला की त्याच्या समोरचा बचावपटू मोकळा सुटतो. त्याला सेंटरने (रांगेतल्या मधल्या खेळाडूने) वेळेत अडवले नाही तर तो पाठीमागून येऊन हाफबॅकला रेषेच्या अलीकडेच पकडतो आणि यार्ड उणे होतात. गार्ड फार मागे झुकत पळाले तर त्यांच्याआधी लाइनबॅकर पोचतो. हाफबॅकने घाई केली तर तो आपल्याच गार्डच्या पुढे निघतो आणि कॉर्नरबॅकसमोर एकटा पडतो. म्हणून सुरुवातीच्या पावलांत वेग राखून धरणे, हे या कामातले खरे कसब. टीव्हीवर ते आळसासारखे दिसते. सिम्पसनला याची जाण होती. दोन हजार पार झाल्यावर पत्रकार परिषदेत तो आक्रमणातल्या साऱ्या साथीदारांना घेऊन गेला होता.

कारकिर्दीच्या एकूण बेरजेलाही हेच लागू. एमिट स्मिथ १८,३५५ यार्डांसह अव्वल आहे, पण २२६ सामन्यांत, सामन्यामागे ८१. वॉल्टर पेटनचे १६,७२६ यार्ड १९० सामन्यांत, म्हणजे ८८. ब्राउनचे १२,३१२ यार्ड ११८ सामन्यांत, १०४ हून जास्त, दर वेळी ५.२. नऊ हंगामांत तो एकही सामना चुकला नाही. पेटन तेरा हंगामांत एकच चुकला, शिवाय तो ब्लॉकही, म्हणजे साथीदारासाठी बचावपटूंना अडवण्याचे कामही, दणकून करायचा. माझ्या मते पेटनचे मोल ८८ या आकड्यापेक्षा बरेच अधिक आहे, पण ब्राउन त्याच्याही वर.

तक्ता पुन्हा छापणार असाल तर ‘सामने’ आणि ‘किती वेळा चेंडू नेला’ हे दोन रकाने वाढवा. शिकागोचा गेल सेयर्स मात्र त्यातही सापडणार नाही. १२ डिसेंबर १९६५ रोजी शिकागोच्या चिखलात त्याने सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध सहा टचडाउन केले, म्हणजे सहा वेळा चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला. त्यांतले चारच धावून. एक ८० यार्डांच्या स्क्रीन पासवर (अडवणाऱ्या साथीदारांच्या आडून दिलेला छोटा पास) आणि एक ८५ यार्डांचा पंट (समोरच्या संघाने लाथेने दूर उडवलेला चेंडू) परतवून. त्या दिवशी धावण्याच्या रकान्यात त्याच्या नावावर नऊ वेळांत ११३ यार्ड एवढेच लागले. १९६८ साली गुडघा गेला, पुढच्या वर्षी परत येऊन त्याने १,०३२ यार्डांसह लीगमध्ये पहिला क्रमांक घेतला आणि एकूण ६८ सामन्यांत कारकीर्द संपली. त्याच्यासाठी तक्त्याखाली एक तळटीप द्यावी लागेल.

– एक वाचक, ठाणे