मांडव उठल्यावर अक्षता?

संपादक साहेब,
पिफच्या (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) रांगेत पुन्हा तोच वाद, फेस्टिव्हलच्या सिलेक्शनमध्ये कोर्टाने पडावं का. सिनेमा चांगला की वाईट हे ज्युरीच ठरवणार, मान्य, पण ज्युरीने घेतलेला सिनेमा केंद्राचं माहिती-प्रसारण मंत्रालयच काढत असेल तर जायचं कुठे? २०१७ ला गोव्याच्या इफ्फीत (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) आपला मराठी 'न्यूड' आणि मल्याळी 'एस दुर्गा' असेच उडवले. केरळ हायकोर्टाने 'एस दुर्गा' दाखवा असा अंतरिम (अंतिम निकालाआधीचा तात्पुरता) आदेश दिला, मंत्रालयाला अपिलात त्यावर स्टेही मिळाला नाही, तरी टायटलमध्ये घोळ असल्याचं निमित्त काढून शेवटपर्यंत दाखवला नाहीच! नऊ दिवसांचा फेस्टिव्हल, एक तारीख पडली की संपलं, म्हणजे इथे अंतरिम आदेश हाच खरा निकाल आणि तोच पाळत नाहीत. निदान सिलेक्शनची यादी तरी लवकर लावा, वकील गाठायला वेळ मिळेल.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे