ती पुस्तकं देऊ नकोस

सोलापूर,
रविवार

प्रिय मिलिंद,

सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मिळालं. एम.ए.ला पाली घेतलीस, फार आनंद झाला. पण शेवटी लिहिलंस ते मनातून जाईना. बौद्ध इतिहासाची पुस्तकं ठेवतोस, आणि संस्कृत साहित्यशास्त्राची, रस, अलंकार, ध्वनी यांवरची सगळी कुणाला तरी देऊन टाकतोस; त्यांच्याशी आपलं काय नातं, असं म्हणतोस. मिलिंद, देऊ नकोस. नातं आहे, आणि ते जवळचं आहे.

तुझ्या म्हणण्यामागचं दुखणं मला कळतं. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, पर्शियन घ्यावं लागलं, हे ऐकतच आपण दोघं वाढलो. पण पुढे तेच बाबासाहेब स्वतःच्या हिमतीवर संस्कृत शिकले आणि मूळ ग्रंथ उघडून बसले. आपल्याला दार बंद होतं म्हणून आतलं सगळं दुसऱ्यांचंच होतं, असं आपण का समजायचं?

अश्वघोषच घे. रामायण-महाभारत सोडलं तर आज हाती असलेल्या संस्कृत महाकाव्यांत सर्वांत जुनी त्याची, आणि तो भिक्खू. 'बुद्धचरिता'चे सर्ग अठ्ठावीस, पण संस्कृतात उरले साधारण पहिले चौदा. बाकीची कथा चिनी आणि तिबेटी भाषांतरांमुळे वाचली. 'सौंदरनंदा'च्या शेवटी तो सरळ सांगतो की ही रचना मनाच्या शांतीसाठी आहे, रंजनासाठी नाही. कडू औषध पोटात जावं म्हणून त्यात मध घालतात, तसा मी काव्याचा आधार घेतला. काव्य कशासाठी, हा साहित्यशास्त्राचा पहिला प्रश्न. त्याचं इतकं जुनं आणि स्वच्छ उत्तर एका भिक्खूने देऊन ठेवलं आहे.

पुढच्या शास्त्रकारांकडेही बघ. भामह 'काव्यालंकारा'त दोषांची चर्चा करताना न्यायाकडे, म्हणजे तर्कशास्त्राकडे वळतो आणि प्रत्यक्ष ज्ञानाची बौद्ध तार्किक दिङ्नागाची व्याख्या समोर ठेवतो. ध्वनी, म्हणजे काव्यात सुचवलेला अर्थ, सांगणारा आनंदवर्धन तर धर्मोत्तराच्या बौद्ध प्रमाणग्रंथावर, म्हणजे तर्कग्रंथावर, विवृती (टीका) लिहिणारा माणूस. 'ध्वन्यालोका'त त्याने बौद्ध तार्किक धर्मकीर्तीचा एक श्लोक दिला आहे, तो मला पाठ झाला आहे. धर्मकीर्ती म्हणतो, माझ्या विचाराचा तळ कुणी गाठला नाही, तो घेणारा तोलामोलाचा माणूस जगात भेटला नाही. समुद्राचं पाणी समुद्रातच जुनं होतं, तसा तो माझ्या देहातच म्हातारा होईल. एवढ्या मोठ्या तार्किकाचं हे एकटेपण अलंकारशास्त्राच्या पुस्तकात भेटतं, आणि तू ते पुस्तक देऊन टाकायला निघाला आहेस. शांतरस हा रस मानायचा की नाही, या वादात हर्षाचं बोधिसत्त्वावरचं नाटक 'नागानंद' कसं येतं ते तुला ठाऊक आहेच, त्यावर पुन्हा लिहीत नाही.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं तो ग्रंथ: 'सुभाषितरत्नकोश'. विद्याकर हा बंगालमधल्या जगद्दल महाविहारातला पंडित. अकरावं शतक संपता संपता त्याने संस्कृत कविता जमवायला घेतल्या. छापील ग्रंथात १७३८ श्लोक आहेत. आरंभ सुगताच्या, म्हणजे बुद्धाच्या, स्तुतीने, मग बोधिसत्त्व, आणि त्यांच्या पाठोपाठ शिव, विष्णू, सूर्य, ऋतू, प्रेम, विरह, अगदी प्रियकराला भेटायला निघालेली अभिसारिकासुद्धा. विहारात बसून त्याने माणसाच्या जगण्यातलं काहीच अस्पर्श मानलं नाही. पुढे विहार गेले, ग्रंथ गेले. ही पोथी तिबेटातल्या ङोर मठात टिकली आणि राहुल सांकृत्यायनांनी तिचे फोटो आणले. दामोदर धर्मानंद कोसंबी आणि वा. वि. गोखले यांनी तो ग्रंथ संपादला, १९५७ साली हार्वर्डच्या मालेत निघाला. वडील धर्मानंद काशीच्या अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, सिलोनमध्ये भिक्खू झाले, हार्वर्डला 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथावर राबले. मुलगा गणिती, आणि त्याच्या हातून एका भिक्खूचा काव्यसंग्रह जगापुढे आला. आता या घरातला बौद्ध इतिहास कुठे संपतो आणि काव्यविचार कुठे सुरू होतो, ते तूच सांग.

'सुभाषितरत्नकोशा'तली 'दीनव्रज्या', म्हणजे दीनांवरचा विभाग, आधी वाच. सगळी गरिबीची कविता आहे. एका श्लोकात पाऊस कोसळतो आहे आणि मोडक्या घरात एक बाई धावपळ करते आहे. भिजलेल्या सातूच्या पिठाची हळहळ, रडणाऱ्या पोरांची समजूत, खापराने पाणी उपसणं, अंथरुणाचं गवत वाचवणं, आणि हे सगळं डोक्यावर फुटक्या सुपाचा तुकडा धरून. वाचताना मला आमची आजी दिसली. गिरणीच्या चाळीत पत्रा गळायला लागला की ती आधी पिठाचा डबा उचलायची, मग आम्हाला. आपल्या बायांचं हे जगणं एका भिक्खूने नऊशे वर्षांपूर्वी राजांच्या स्तुतीच्या बरोबरीने जपून ठेवलं. कोसंबी प्रस्तावनेत संस्कृत काव्याला सामाजिक वर्गाच्या दृष्टीने कठोरपणे तपासतात; इंग्रजी भाषांतर करणारे इंगल्स त्यांच्याशी वाद घालतात. माझा कल कोसंबींकडे आहे, पण हा एक श्लोक दोघांनाही पुरून उरतो असं मला वाटतं.

आणि हे सगळं काशी-पुण्याचंच काम, असं म्हणू नकोस. कृष्णकांत हंदिकींचा सोमदेवाच्या 'यशस्तिलक'वरचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९४९ मध्ये आपल्या सोलापुरातून निघाला, जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज ग्रंथमालेत. सोमदेवाने ते चंपूकाव्य, म्हणजे गद्य-पद्य मिसळलेलं काव्य, ९५९ मध्ये पुरं केलं, राष्ट्रकूटांच्या काळात. तो जैन, बौद्धांशी वाद घालतो, आणि वाद घालण्यासाठी त्यांचं म्हणणं मांडतो. तेव्हा दख्खनमध्ये बौद्ध मताबद्दल लोक काय बोलत होते हे शोधायला असं काव्यच चाळावं लागतं. निव्वळ इतिहासाच्या पुस्तकांवर तुझं भागणार नाही.

सुट्टीत ये. गुलबर्ग्याच्या पुढे सन्नतीला जाऊ. पंढरपूरची चंद्रभागा तीच तिथली भीमा. तिथल्या मंदिरात देवीच्या मूर्तीखालच्या दगडावर अशोकाचा लेख सापडला, आणि जवळच कनगनहळ्ळीच्या स्तूपात अशोकाचं नाव कोरलेलं त्याचं शिल्प आहे. मुक्काम आमच्याकडे, आई वाट बघते आहे.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या अभ्यासक्रमात 'सुबोधालंकार' लावला आहे का? श्रीलंकेच्या संघरक्खित थेरांनी संस्कृत अलंकारशास्त्रकार दंडीच्या वाटेने जाऊन पालीत लिहिलेला अलंकारग्रंथ. लावला असेल तर कोणती आवृत्ती वापरता ते कळव, मलाही हवी आहे.

तुझा,
अविनाश