तीन तिगाडा, चेंडू एक!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या स्टार-भरतीवरचा आपला कालचा लेख वाचला. तीन मोठी नावे गोळा करा, चषक आलाच म्हणून समजा, असा एकंदर सूर. बोस्टन २००८, मायामी २०१२ आणि २०१३ अगदी ठळक टाइपात. मग फिनिक्स कुठे गेले? स्टार ड्युरंटसाठी मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन हे खेळाडू आणि ड्राफ्टमधल्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतल्या, पहिल्या फेरीचे चार हक्क मोजले. दुसरा स्टार बुकर संघात होताच. पुढे चेंडू खेळवणारा ख्रिस पॉल देऊन तिसरा स्टार बील आणला. २०२४ मध्ये मिनेसोटाने प्लेऑफच्या, म्हणजे बादफेरीच्या, पहिल्याच टप्प्यात ४-० ने घरी पाठवले, नंतरच्या मोसमात ३६ विजय, ४६ पराभव आणि प्लेऑफसुद्धा नाही! ब्रुकलिनचे ड्युरंट-हार्डन-अर्व्हिंग हे त्रिकूट तर नियमित मोसमात अवघे १६ सामने एकत्र उतरले. जागा पुरली नसेल, समजू शकतो. अर्धे पान बिल्डरच्या जाहिरातीचे असतेच.

बरे, मायामीचेच घ्या. २०१३ च्या अंतिम फेरीतला सहावा सामना. संघ तीन गुणांनी मागे, लेब्रॉनचा नेम चुकला. रिंगवरून परतलेला चेंडू, म्हणजे रिबाउंड, गर्दीतून काढला तो त्रिकुटातल्या बॉशने. आधी टोरांटोतल्या शेवटच्या मोसमात सरासरी २४ गुण करणाऱ्या या गड्याने स्वतः बास्केट न मारता कोपऱ्यातल्या रे ॲलनला पास दिला. ॲलन त्या मोसमात राखीव म्हणून बेंचवरून यायचा. त्याने बरोबरी साधून दिली, म्हणून तो चषक! लेखात याबद्दल अवाक्षर नाही.

मला हे झोंबायला कारण आहे. इथल्याच एका स्पर्धेत प्रायोजकाने मी घडवलेल्या संघात बाहेरगावचे तीन नामांकित खेळाडू आणून बसवले. गाडी, हॉटेल, मानधन, सगळी जावयासारखी बडदास्त. माझा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू खेळवून चाल रचणारा, उंचीने कमी पण डोक्याने तल्लख पोरगा, खांद्यावर टॉवेल टाकून बेंचवर. शेवटच्या दोन मिनिटांत तिघेही टाळ्या वाजवून चेंडू मागत होते. ज्याच्या हातात चेंडू होता तो बेसलाइनला अडकला आणि गोंधळून त्याने थेट समोरच्याच्याच हातात पास दिला. मागे धावायची तसदी एकानेही घेतली नाही. दोघे कमरेवर हात ठेवून उभे, तिसरा पंचांशी हुज्जत घालत. सामना गेला. वर प्रायोजकसाहेब मलाच ऐकवतात, "सर, तुम्हाला स्टार हाताळता येत नाहीत." आमच्या पोराने त्यानंतर खेळ सोडला. आता दुचाकीच्या शोरूममध्ये आहे. आपल्या लेखकमहाशयांनी एकदा त्याला भेटावे, सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अडवणारी ‘स्क्रीन’ कशी लावतात ते तो समजावून सांगेल.

जाता जाता आणखी एक. जिल्हा स्पर्धेचे निकाल आम्ही त्याच रात्री स्कोअरशीटसह आपल्याकडे पाठवतो. ते तिसऱ्या दिवशी ‘संक्षिप्त’मध्ये येतात, तेही उपविजेत्यांचे नाव गाळून. परवा मुलींच्या अंतिम सामन्याच्या बातमीला फोटो लावलात तो व्हॉलीबॉलचा. नेट स्पष्ट दिसत होते, संपादक महोदय!

आपला,
एक निवृत्त बास्केटबॉल प्रशिक्षक, नागपूर