‘पक्षी शोधा’ खेळा, पण ढोलीचा पत्ता नको

संपादक महोदय,

ऑनलाइन ‘पक्षी शोधा, नाव ओळखा’ स्पर्धा मोठ्या मजेच्या असतात, पण संयोजक छायाचित्र टाकतानाच घोळ घालतात. पाचोळ्यात बसलेला, पाचोळ्यासारखाच दिसणारा रातवा पक्षी शोधायला लावायचा, तर तो चौकटीच्या मधोमध नको आणि रुंदीच्या विसाव्या भागाहून मोठाही नको. चित्राची लांब बाजू किमान २००० पिक्सेल ठेवावी. मेसेजिंग अ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, पिसांवरची नक्षी पुसट होते आणि रातव्याचा खरोखरच पाचोळा होतो. म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. फाईलचे नाव मात्र आधी बदला; ‘रातवा-१’ असे दिसल्यावर शोधायचे काय?

पक्षी कुठे आहे याचे उत्तर चित्रावर आखलेल्या चौकटींच्या जाळीतल्या घरावरून मागवावे, ‘ग-४’ असे. नावाचे गुण कारण दिले तरच द्यावेत, नाहीतर ओळखण्याचे काम अ‍ॅपच करते. मोठा बगळा की मध्यम, हे फोटोत उंचीवरून कळत नाही. चोचीची फट डोळ्याच्या मागे गेली असेल तर मोठा, डोळ्याखालीच थांबली तर मध्यम. नुसत्या डोक्याचा जवळून टिपलेला फोटो शेवटच्या फेरीला झकास!

आणि फाईलमध्ये दडलेली जागेची (जीपीएस) नोंद काढल्याशिवाय फोटो टाकूच नये. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेल्या फाईलमधून ती जशीच्या तशी जाते. घुबडाची ढोली कळली की तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते. घरट्यांचे फोटो तर स्पर्धेत घेऊच नयेत.

– एक पक्षीनिरीक्षक