तांदूळ महाग झाले, पण राइस 'आर' नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या विद्यार्थ्यांच्या पानावर इंग्लिश नाऊनचे म्हणजे नामाचे ५ प्रकार आले होते, प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, अ‍ॅबस्ट्रॅक्ट आणि समोर दोन-दोन उदाहरणं. पाठ करायला बरंय, पण पोरं अडतात ती दुसरीकडेच.

माझी मुलगी सहावीत आहे, तिने टेस्टमध्ये 'द राइसेस आर कॉस्टली' लिहिलं. लाल गोल, अर्धा मार्क गेला, का गेला ते कोणी सांगितलं नाही. आता माझं किराणाचं दुकान, संध्याकाळी ती तिथेच बसते आणि ऐकते काय तर तांदूळ महाग झाले, तांदूळ संपले, पोहे आले नाहीत अजून, म्हणजे मराठीत हे सगळं अनेकवचनच ना! इंग्लिशमध्ये राइस अनकाउंटेबल म्हणजे न मोजता येणारं, दाणे कितीही असोत 'इज'च लागणार. त्यात आमच्याकडे शेतात लावतो ते भात, गोणीत तांदूळ आणि ताटात परत भात, इंग्लिशमध्ये शेतातल्याला पॅडी म्हणतात आणि पुढे कच्चा काय नि शिजलेला काय, राइसच. पोत्यावर बसवून, मूठभर तांदूळ हातात देऊन सांगितलं तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

दुसरी भानगड, मराठीच्या तासाला नामाचे प्रकार ३ आणि इंग्लिशच्या तासाला ५. मराठीत पदार्थवाचक (मटेरियल) आणि समूहवाचक (कलेक्टिव्ह) नामं सामान्यनामातच (कॉमन) धरतात, बास एवढंच, पण हे एक वाक्य कुठल्या गाईडमध्ये सापडेल तर शपथ. प्रॉपर नाऊनचं म्हणजे विशेषनामाचं तेच, देवनागरीत कॅपिटल अक्षर हा प्रकारच नाही मग मुलं देवगडचा डी स्मॉल काढतात त्यात नवल काय.

आणि प्रॉपर नाऊनला उदाहरण हवं तर आमचा हापूस घ्या की. अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज गव्हर्नरच्या नावावरून अल्फोन्सो आणि त्याचा आपल्या तोंडी हापूस झाला म्हणतात, म्हणजे एका माणसाचं विशेषनाम आता पेटीत डझनाने मोजलं जातंय (२०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेही अल्फोन्सो याच नावाला, असो). मुलांना हे सांगा, जन्मात विसरणार नाहीत.

मासे पण आहेत. बाजारात कितीही बांगडे घेतले तरी 'फिश'च, 'फिशेस' म्हणतात ते साधारण वेगवेगळ्या जातींबद्दल बोलताना. बांगडा तो, कोलंबी ती, पापलेट ते, इंग्लिशमध्ये सगळ्यांना 'इट', एवढी एक गोष्ट तरी सोपी आहे बिचाऱ्यांना.

तर पुढच्या वेळी मटेरियल नाऊनला नुसतं गोल्ड-सिल्व्हर देऊ नका, कॉयर पण टाका, काथ्या इथल्या पोरांनी हाताळलेला असतो. आणि राइस टाकाच, आमचा अर्धा मार्क काय आता परत येत नाही.

– एक पालक, देवगड