चाक नटांवर लटकतंय

एडिसन, न्यू जर्सी
१२ एप्रिल

प्रिय सुन्या,

तुझा मेसेज आला होता, 'नव्या गाडीचे फोटो टाक.' टाकले नाहीत, कारण गाडी तीन आठवडे जॅकवर उभी होती. आता ऐक सगळं.

सिव्हिक टाइप आर घेतली हे तुला माहीत आहेच. ३१५ हॉर्सपॉवर, हाताने गिअर टाकायचे, बायकोच्या मते वय विसरल्याचा पुरावा. कंपनीकडून तिला १९ इंची चाकं येतात, त्यावर २६५/३० टायर, म्हणजे २६५ मिलिमीटर रुंद आणि भिंतीची उंची रुंदीच्या ३० टक्के. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यात रबर जेमतेम ८० मिलिमीटर. इथे थंडीत पाणी डांबरात मुरतं, गोठतं, फुगतं आणि मार्चमध्ये असे खड्डे पडतात की आपला शिरोलीचा जुना रस्ता आठवावा. अशाच एका खड्ड्यात पुढचं डावं चाक गेलं. रिमची आतली कड वाकली, टायरला लिंबाएवढा फुगा आला. गाडी जेमतेम चार महिन्यांची!

तेव्हाच ठरवलं, १८ इंचावर यायचं. २६५/३५ आर १८ लावला की चाकाचा एकूण व्यास फक्त मिलिमीटरभराने बदलतो, म्हणजे स्पीडोमीटरला कळतसुद्धा नाही, आणि रबराची भिंत १३ मिलिमीटरने वाढते. गणित सोपं होतं. चाक मिळणं सोपं नव्हतं.

ह्या गाडीचा पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, ५ बाय १२०: पाच भोकं, १२० मिलिमीटर. साध्या सिव्हिकचा ५ बाय ११४.३, त्याची मॅगव्हील ढिगाने मिळतात. १२० म्हटलं की दुकानदार एकतर मान हलवतो नाहीतर जुन्या बीएमडब्ल्यूची चाकं दाखवतो. मीही तीच घेतली. एकाकडे वापरलेली १८ इंची, ८ इंच रुंद, ऑफसेट ३४ अशी होती. (ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यापासून गाडीला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे ते; आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर.) 'पाच भोकं जुळतात, मग बसणारच,' तो म्हणाला. मलाही ते पटलं. भोकं जुळली. चाक चढलं. नट आवळले. फोटोही काढले.

ताशी ६० मैलांवर स्टिअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंग करून आणलं, तरी तेच. आणि मग तुझा फोन. तू इतकंच विचारलंस, 'बोअर मोजलास का?' लेका, तुला फौंड्रीत बसून जे सुचतं ते मला गाडीखाली झोपून सुचलं नाही. बीएमडब्ल्यूच्या त्या चाकाचा बोअर, म्हणजे मधलं भोक, ७२.६ मिलिमीटर; माझ्या गाडीचा हब, ज्यावर ते भोक बसतं, ६४.१. चारी बाजूंनी चार मिलिमीटर मोकळं! चाक हबवर बसलंच नव्हतं, नटांवर लटकत होतं.

नटांची कथा वेगळीच. होंडाच्या नटाचं बूड गोलसर असतं, गोटीसारखं. बाजारातल्या बहुतेक चाकांचं बसणं ६० अंशांच्या शंकूचं. चाक काढून पाहिलं तर प्रत्येक भोकात नखाच्या कडेएवढी बारीक चकचकीत रेघ, गोल फिरलेली. नट तेवढ्याच रेघेवर टेकत होता. ती रेघ पाहून माझ्या पोटात गोळा आला. मुलाला शाळेत सोडायला ह्याच चाकांवर गेलो होतो. चाकं त्याच दिवशी परत केली. पैसे पूर्ण मिळाले नाहीत, ते सोड.

दुसऱ्यांदा मात्र फूटपट्टी घेऊन बसलो. १८ इंच, साडेनऊ रुंद, ऑफसेट ४५. मूळ चाकाची रुंदी तेवढीच, पण ऑफसेट ६०. म्हणजे चाक १५ मिलिमीटर बाहेर येणार. सोबत हबभोवतीची मोकळी जागा भरायला ६४.१ ची अॅल्युमिनियमची रिंग आणि शंकूचे नवे नट, एम १४ बाय १.५ आट्यांचे. उरली पुढच्या ब्रेकची भीती. ३५० मिलिमीटरची डिस्क, त्यावर तिला चिमटणारा ब्रेम्बो कंपनीचा चार पिस्टनचा लाल कॅलिपर, आणि त्याच्यासमोरून चाकाच्या काड्या फिरणार. मुलाची खेळायची माती घेतली, कॅलिपरच्या तोंडावर थापली, चाक चढवून हाताने एक फेरी दिली. काढून पाहिलं तर माती दबलेली, पण सगळ्यात पातळ जागीही साधारण चार मिलिमीटर शिल्लक. मग टॉर्क पाना १२७ न्यूटन मीटरला लावून एकाआड एक नट आवळले. शंभर किलोमीटर चालवून पुन्हा तपासले. आता ताशी ७५ मैलांनाही स्टिअरिंग पाण्यासारखं शांत.

मग गेल्या शनिवारी आई-बाबांना आणायला न्यूअर्कला गेलो. दोघं मागे, डिकीत चार बॅगा, त्यांतल्या एकीत नुसतं मेतकूट आणि चटण्या असाव्यात. विमानतळाच्या गतिरोधकावर मागून आवाज आला, खर्रर्र. टायर मडगार्डला घासला. बाबा म्हणाले, 'गाडी नवी आहे ना रे?'

तर तुला दोन प्रश्न. मडगार्डची आतली कड रोलरने दुमडावी, की मुकाट्याने २५५ चे टायर घ्यावेत? आणि ही चाकं फ्लो-फॉर्म्ड आहेत, म्हणजे आधी ओतकाम आणि मग रिमचा पट्टा तापवून रोलरने दाबून ताणलेला. खड्ड्यात ती नुसत्या कास्टिंगपेक्षा खरंच चिवट निघतात का? तू रोज ओततोस, तूच सांग. आई-बाबा जूनपर्यंत आहेत, तोवर मी गतिरोधक चुकवत फिरतोय.

वहिनींना नमस्कार, चिंटूला पापा.

तुझा,
मन्या