दोषाचे नाव घेतले म्हणजे खंडन झाले असे नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

समाजमाध्यमांवरच्या मराठी वादांत एक सवय चांगलीच रुजली आहे. समोरच्याने चार ओळी लिहिल्या की उत्तरादाखल एकच शब्द फेकला जातो : ‘स्ट्रॉमॅन’ (न बोललेले तोंडी घालणे), ‘ॲड होमिनेम’ (मुद्द्याऐवजी माणसावर हल्ला), ‘व्हॉटअबाउटरी’ (‘मग त्याचे काय?’ असे उलट विचारणे), नाहीतर ‘डनिंग-क्रूगर’ (कमी जाणणाऱ्याचा फाजील आत्मविश्वास). फेकणाऱ्याला वाटते, बाजी मारली. तर्कदोष ओळखता यायला हवेत याबद्दल दुमत नाही. अकरावी-बारावीच्या कला शाखेत तर्कशास्त्र शिकवतात ते त्यासाठीच. परंतु दोषाचे नाव उच्चारले की समोरच्याचे म्हणणे खोडले गेले, हा समज चुकीचा आहे, आणि शिकल्यासवरलेल्या माणसांत तो अधिक दिसतो याचे वाईट वाटते.

दोष म्हणजे कारण आणि निष्कर्ष यांच्यातला सांधा निखळलेला असणे. ‘आमच्या आजोबांनी कधी तंबाखूला हात लावला नाही, ते नव्वद वर्षे जगले, म्हणून तंबाखू वाईट’ हा युक्तिवाद पोकळ आहे. एका माणसाच्या आयुष्यावरून असे काही सिद्ध होत नाही. तंबाखू मात्र वाईटच आहे. कारण पडले तरी निष्कर्ष खरा असू शकतो, तो दुसऱ्या कारणावर उभा असतो. म्हणून दोष दाखवणाऱ्याला एवढेच म्हणता येते की ‘या कारणाने हे सिद्ध होत नाही’. ‘म्हणून तुमचे म्हणणे खोटे’ असे पुढे जोडले की त्याने स्वतःच एक दोष केला.

एक वाद जवळून पाहू. हेल्मेटसक्तीचा वाद पुण्यात दर काही वर्षांनी नव्याने पेटतो, म्हणून तोच घेते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे दुचाकीस्वाराला हेल्मेट बंधनकारक आहे. एक जण लिहितो, ‘शहरात गाड्या जेमतेम तीसच्या वेगाने चालतात, मग सक्ती कशाला?’ लगेच उत्तर येते, ‘म्हणजे लोक मेले तरी तुम्हाला चालेल!’ हा खरोखरच स्ट्रॉमॅन आहे. जे तो म्हणालाच नाही ते त्याच्या तोंडी घातले. तिसरा लिहितो, ‘डोके वाचवायलाच सक्ती करायची तर पायी चालणाऱ्यांनाही हेल्मेट घाला.’ यावरही ‘स्ट्रॉमॅन, स्ट्रॉमॅन’ असा गिल्ला होतो, आणि इथे गिल्ला करणारे चुकतात. समोरच्याचे तत्त्व खरे मानून ते कुठवर नेते हे दाखवणे ही रास्त पद्धत आहे. तिला उत्तर द्यायचे तर पादचारी आणि दुचाकीस्वार यांच्यात नेमका फरक कोणता आणि तो इथे का महत्त्वाचा, हे सांगावे लागते. शिक्का मारून ते काम टळत नाही.

आता पहिल्याच वाक्याकडे परत जाऊ, कारण खरे काम तिथे आहे. ‘वेग कमी, म्हणून सक्ती नको’ यात मधले एक वाक्य न बोलता गृहीत धरले आहे : तीसच्या वेगाला डोक्याला गंभीर इजा होत नाही. हे वाक्य कागदावर उतरवले की तपासता येते. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके रस्त्यापासून साधारण दीड मीटर उंच असते. दीड मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीला ताशी सुमारे १९ किलोमीटरच्या वेगाने आदळते. म्हणजे गाडी सिग्नलला उभी असताना तोल गेला आणि डोके अडवायला काही आले नाही, तर ते जवळजवळ वीसच्या वेगाने डांबरावर आपटू शकते. पुढे जाण्याचा वेग आणखी वेगळा. गृहीत वाक्य इथे ढासळते. यात कोणत्याही दोषाचे नाव घ्यावे लागले नाही, आणि लिहिणाऱ्याचा अपमानही झाला नाही.

त्याच वादात आणखी एक विधान हमखास येते : ‘जखमींपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी हेल्मेट घातलेले होते, मग उपयोग काय?’ हे ऐकायला भक्कम वाटते. समजा, एक हजार स्वार आहेत. नऊशेंनी हेल्मेट घातले, शंभरांनी नाही. हेल्मेटवाल्यांत शेकडा एकाला डोक्याला गंभीर इजा झाली, बिनहेल्मेटवाल्यांत शेकडा तिघांना. मग जखमी किती? नऊशेंतले ९ आणि शंभरातले ३, एकूण १२. या बारांपैकी ९ जणांच्या, म्हणजे ७५ टक्के जखमींच्या डोक्यावर हेल्मेट होते. तरीही हेल्मेट घालणाऱ्याचा धोका न घालणाऱ्याच्या एकतृतीयांश आहे. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, पण ते फार दूरचे नाहीत : वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८ सालच्या आढाव्यात हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो असे आढळले. जखमींमध्ये हेल्मेटवाले किती हे विचारून भागत नाही. हेल्मेटवाल्यांमध्ये जखमी किती हे विचारायला हवे. लशीच्या वादात, परीक्षेच्या निकालाच्या वादात हीच गफलत पुन्हा पुन्हा होते. ती समजावून सांगायला वरच्यासारखी चार वाक्ये लागतात. ‘बेस रेट फॅलसी, जरा वाचा’ असे लिहिले तर समजणाऱ्याला ते आधीच समजलेले असते आणि न समजणारा दुखावून निघून जातो.

आणि एवढे सगळे करूनही सिद्ध काय झाले? हेल्मेट उपयोगी आहे, इतकेच. सक्ती असावी का, दंड किती असावा, हा वेगळा प्रश्न. त्याला स्वातंत्र्य, अंमलबजावणी, उपचारांचा सार्वजनिक खर्च असे वेगळे मुद्दे लागतात. वाद चिघळतो तो बहुधा इथेच. एक बाजू उपयोगाबद्दल बोलते, दुसरी सक्तीबद्दल, आणि कोंडीत सापडली की जी ती बाजू गुपचूप दुसऱ्या प्रश्नावर उडी मारते.

अशा उडीला न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेच्या मूळ ग्रंथात, ‘प्रतिज्ञांतर’ म्हटले आहे. ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ हे मिरवण्यासाठी मी न्यायदर्शनाकडे वळत नाही. त्यातले वादाचे नियम आजच्या भांडणाला कामाचे आहेत म्हणून वळते. न्यायसूत्रे रचणाऱ्या गौतमाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीही न मांडता फक्त समोरच्याचे पाडायचे ती वितंडा. आपण बोलताना ‘वितंडवाद’ हा शब्द कोणत्याही हुज्जतीला वापरतो. मूळ अर्थ त्याहून नेमका आहे आणि तो जपण्यासारखा आहे. ज्याचे स्वतःचे विधानच नाही त्याला कधी हरता येत नाही, म्हणून तो कायम वरचढ दिसतो. अशा माणसाला एकच प्रश्न विचारावा : ‘मग तुमचे म्हणणे काय?’

हार मानण्याच्या जागा, म्हणजे निग्रहस्थाने, न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात बावीस दिली आहेत. त्यांतली काही वाचताना हातातला मोबाइल आठवतो. आपल्यावरचा आक्षेप न खोडता ‘तुमच्यातही हाच दोष आहे’ म्हणणे ही मतानुज्ञा. ‘तेव्हा तुम्ही कुठे होता?’ हे तिचे आजचे रूप. अडचणीत आल्यावर कामाचे निमित्त सांगून चर्चा तोडणे हा विक्षेप. तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिवाद्याला कळू नये असे बोलणे हे अविज्ञातार्थ, आणि त्यात हार बोलणाऱ्याची धरली आहे, ऐकणाऱ्याची नाही. जड परिभाषा वापरून दबदबा बसवणाऱ्यांनी हा नियम लक्षात ठेवावा. समोरच्याचे म्हणणे सभेला कळले आहे, तीनदा सांगून झाले आहे, तरी जो ते पुन्हा म्हणून दाखवू शकत नाही तोही हरला, हे अननुभाषण. आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते निरनुयोज्यानुयोग : जिथे दोष नाही तिथे दोषाचा आरोप करणे. पादचाऱ्यांच्या हेल्मेटवर ‘स्ट्रॉमॅन’ ओरडणारे या नियमाप्रमाणे स्वतः वाद हरले आहेत.

बौद्धिक वरचढपणाचे आपले खास मराठी रूप म्हणजे शुद्धलेखन. कोणी ‘पानी येत न्हाई’ असे लिहिले की ‘आधी ण आणि न शिका’ हे उत्तर तयार असते. नळाला पाणी येत नाही हे विधान खरे की खोटे, हा प्रश्न जागच्या जागी राहतो. आज पाळले जाणारे लेखनाचे नियम १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे अठरा आहेत. ते छापील प्रमाण मराठीत एकवाक्यता यावी म्हणून आहेत. पुराव्याचा खरेखोटेपणा ठरवण्याची ताकद त्यांत नाही. बोलीत लिहिणारी शेतकरी बाई कांद्याच्या साठवणुकीबद्दल बोलत असेल तर तिथे जाणकार ती आहे. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने आप्ताचे, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावे त्याचे, लक्षण सांगताना विषयाचे प्रत्यक्ष ज्ञान आणि ते जसेच्या तसे सांगण्याची इच्छा एवढ्या दोनच गोष्टी मागितल्या, आणि ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना हे लक्षण सारखेच लागू आहे असे स्पष्ट लिहिले. पदवी, आडनाव, शहर यांचा उल्लेख त्यात नाही. उलट बाजूही सांगायला हवी. कोणी ‘माझ्या शब्दावर विश्वास ठेवा’ म्हणत असेल तर त्याचे ज्ञान किती, त्याचा फायदा कशात, हे विचारणे रास्तच आहे. औषध विकणारा औषधाची हमी देतो तेव्हा त्याचा धंदा विचारात घेणे हा ॲड होमिनेम होत नाही.

‘डनिंग-क्रूगर’चा वापर तर शिवीसारखा होतो. जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांचा शोधनिबंध १९९९ चा. त्यातल्या चाचण्यांत सर्वांत खालच्या चतुर्थांशातल्यांचे गुण सरासरीने बाराव्या शतमकाच्या (म्हणजे शंभरांतल्या जेमतेम बारा जणांच्या वर) आसपास होते आणि त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज बासष्टाव्याचा होता. पण मूर्खपणाचा उंच डोंगर आणि नंतरची दरी दाखवणारा जो आलेख सर्वत्र फिरतो तो त्या निबंधात नाही. कमी जाणणाऱ्यांनी स्वतःला जाणत्यांपेक्षा वर मानले असेही त्यात आढळलेले नाही. त्यांचा अंदाज फक्त वास्तवापेक्षा फार वर होता. आणि जी गोष्ट कोणी सांगत नाही ती अशी की तर्काचे थोडेसे प्रशिक्षण दिल्यावर त्याच मंडळींना आपल्या चुका अधिक अचूक ओळखता आल्या. ज्या निबंधाचे नाव घेऊन लोकांना ‘तू सुधारण्यातला नाहीस’ असे हिणवले जाते, त्यातच शिकवल्याने फरक पडतो असे दिसले आहे.

मग वाद घालायचा कसा? समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत एक-दोन वाक्यांत लिहावे आणि ‘असेच म्हणायचे आहे ना?’ असे विचारून थांबावे. थांबणे महत्त्वाचे. ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की...’ ही सुरुवात आपल्याकडे प्रश्नचिन्हाऐवजी उद्गारचिन्हाने संपते, आणि स्ट्रॉमॅन जन्मतो तो तिथेच. होकार मिळाला की विधान आणि कारण वेगळे करून मध्ये न बोललेले वाक्य कोणते ते शोधावे, हेल्मेटच्या बाबतीत केले तसे. मग त्याच साच्यात दुसरा मजकूर भरून पाहावा; साचा तोच आणि निष्कर्ष उघड खोटा आला तर सांधा निखळलेला आहे. दोष सांगताना त्याचे नाव न घेता, घरात बोलतो त्या मराठीत सांगावा. तसे सांगता येत नसेल तर तो आपल्यालाच नीट कळलेला नाही असे समजून पुन्हा वाचावे. शेवटी, दोष काढल्यावर समोरच्याच्या म्हणण्यातले काय शिल्लक राहते तेही लिहावे. हे शेवटचे काम जवळजवळ कोणीच करत नाही, आणि समोरचा पुढचे ऐकेल की नाही हे बहुतेक वेळा त्यावरच ठरते.

एकाच संदेशात दहा मुद्दे येऊन आदळले तर दहांना उत्तरे देत बसू नये; एक मुद्दा टाकायला एक ओळ लागते, खोडायला पानभर. ‘यातला सर्वांत भक्कम मुद्दा तुम्हीच निवडा, तो टिकला नाही तर मत बदलाल का?’ असे विचारावे. आणि दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप गटात कोणाकडूनही ‘चुकलो’ची अपेक्षा धरू नये. बघे जमले की वादाचा जल्प होतो. खरोखर पटवायचे असेल तर खासगी संदेश पाठवावा. न्यायसूत्रांनीही वाद शिष्य, गुरू, सहाध्यायी अशा मत्सर नसलेल्या माणसांशी करावा असे सांगितले आहे, आणि जल्प-वितंडेला कोवळ्या रोपाभोवती लावलेल्या काटेरी फांद्यांचे स्थान दिले आहे : राखणीपुरते.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारातही याची सुरुवात होऊ शकते. एखाद्या लेखाचा प्रतिवाद करणारे पत्र छापताना पहिल्या दोन ओळींत मूळ लेखकाचे म्हणणे, त्याला मान्य होईल अशा शब्दांत, असलेच पाहिजे अशी अट घालावी. ज्या पत्रात ते नसेल ते परत पाठवावे, आणि ‘अंधभक्त’, ‘तथाकथित विचारवंत’, ‘बुद्धिजीवी टोळी’ हे शब्द संपादनात काढून टाकावेत. शब्दमर्यादेत या दोन ओळी मोजू नयेत.

आपली विश्वासू,
तर्कशास्त्राची एक अध्यापिका, सातारा